पोपटीचं मडकं आणि मिठागराचा तळवा

मित्रांनो, मी एक जुनं मडकं आहे. अंगानं काळंकुट्ट, काठाचा एक टवका उडालेला. पण पोटात डोकावलंत तर भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास येईल, आणि तो वास आला की आमच्याकडच्या माणसाला थंडी आठवते, जाळ आठवतो, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची पोपटी आठवते.

माझा जन्म रोह्याजवळच्या एका गावात, काळुराम कुंभारांच्या चाकावर झाला. त्यांनी मला थापटलं, सावलीत वाळवलं, भट्टीत भाजलं आणि बोटाचं पेर टकटक वाजवून माझा आवाज ऐकला. "वाजतंय खणखणीत," एवढंच म्हणाले. मातीच्या लेकराला याहून मोठा आशीर्वाद नसतो.

त्या गावचा वाल कडवा. भात कापून झाला की शेतातल्या उरल्या ओलीवर तो पेरायचा. पावसाविना, दवावरच वाढतो बिचारा. बायजाबाई त्याच गावची लेक. लग्न होऊन ती पेणकडे खाडीकाठी निघाली, तेव्हा तिच्या आईनं राखेत घोळवलेलं वालाचं बी माझ्यात भरलं आणि मला तिच्या हवाली केलं. एसटीत सारा रस्ता तिनं मला मांडीवरून उतरवलं नाही. माहेर मांडीवर घेऊन निघालेली ती नवरी मला अजून दिसते.

तिचे मालक पुंडलिक मिठागरात कामाला. दिवसभर अनवाणी पाय खाऱ्या पाण्यात. त्यांचे तळवे चिंचेच्या सालीसारखे टणक झाले होते. शिंपला रुतला तरी त्यांना पत्ता नसायचा. गावाला त्याचं कौतुक. मिठागराचा तळवा म्हणजे चामड्याची वहाण, असं सगळे म्हणायचे आणि पुंडलिक मिशीत हसायचे.

पुढे माझा काठ उडाला आणि बियाणं नव्या डब्यात गेलं. मला वाटलं, संपलं आपलं. पण बायजाबाईनं मला पोपटीला घेतलं. ती आतून भांबुर्ड्याचा पाला लावायची, वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा आणि नवऱ्यानं आणलेलं जाडं मीठ भरायची. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. पाल्यानंच तोंड बंद करून मला शेतात पालथं घालायची आणि भोवती काटक्या-पेंढा पेटवायची. जाळाशी बसून ती गुणगुणायची:

माहेराचा कडू वाल, सासराचं मीठ खारं,
दोघं एका मडक्यात, गोड झालं जेवण सारं.

शेंगा शिजल्या की नाही हे उघडून बघता येत नाही. मग ती माझ्या पाठीवर पाणी शिंपडायची. मी 'चर्र' केलं आणि पाणी क्षणात उडालं, की समजायचं, झाली पोपटी. माझी आच मीच सांगायचो आणि ती ऐकायची. असं आमचं बोलणं.

मग दिवस पालटले. मिठागर बंद पडलं, मुलगा कंपनीत शिफ्टला जाऊ लागला, पोपटी तेलाच्या रिकाम्या डब्यात होऊ लागली. मी माडाच्या बुंध्याशी पडून राहिलो. माझ्यात पावसाचं पाणी साचे, बेडूक येई, जाई. कुणाची तक्रार नव्हती, पण कुणी वाजवूनही बघत नव्हतं.

मला पुन्हा उचललं ते साखरेनं. म्हणजे पुंडलिकांच्या रक्तातल्या साखरेनं. पेणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खाणंपिणं सांगितलं. पुंडलिकांची लेक प्रणिता रोह्याला नर्स आहे. ती आली आणि आईला म्हणाली की भाताचा डोंगर कमी कर, वालाचं बिरडं वाढ, मेथी कर, कारलं कर. या भाज्या-कडधान्यांत असे गुण आहेत की साखर एकदम उसळत नाही, हळूहळू चढते. वाल पुन्हा घरात आला, तशी बायजाबाईनं मला पोपटीसाठी घासूनपुसून उन्हात ठेवलं. मी पुन्हा घरचा झालो.

पुंडलिकांना मात्र हे फारच आवडलं. सकाळी मेथीचं पाणी, दुपारी कारलं, संध्याकाळी जांभळाच्या बियांचं चूर्ण. कडू पोटात गेलं की गोड मरतं, असा त्यांनी हिशोब मांडला आणि गोळ्या गुपचूप बंद केल्या. पायाला मुंग्या येत. त्या थांबल्या, तेव्हा त्यांना वाटलं की वाल लागू पडला.

गेल्या थंडीतली गोष्ट. संध्याकाळ उतरत होती. प्रणिता माहेरी आलेली. मी जाळाखाली पालथा. पुंडलिक सवयीनं अनवाणी, काठीनं निखारे सारत होते. एक निखारा घरंगळला आणि त्यांचा पाय थेट त्याच्यावर पडला. ते तसेच उभे राहिले, शेंगा कुणाकुणाला द्यायच्या ते सांगत.

करपल्याचा वास आधी बायजाबाईला आला. तिला वाटलं, शेंगा करपल्या. तिनं माझ्यावर पाणी शिंपडलं. मी 'चर्र' केलं. नाही, मी ठीक होतो. मग तिनं खाली पाहिलं.

"अवो, पाय उचला. पायाखाली इस्तव हाय."

"मिठागराचा तळवा हाय गो. त्याला काय नाय होत."

प्रणितानं त्यांना खाली बसवलं, पाऊल मांडीवर घेतलं. अंगठ्याखाली तळव्याला मोठा फोड आला होता. तिनं काडीच्या टोकानं पायाची बोटं टोचली आणि विचारलं, लागतंय का? ते दुसरीकडे बघून म्हणाले, "टोच की." ती टोचतच होती.

"बाबा, ही मिठाची कातडी नाय," ती हलकेच म्हणाली. "साखरेनं पाय मुका केलाय. गोळ्या घेताय ना?"

पुंडलिकांनी मान खाली घातली. म्हणाले, "तुझ्या आयशीचा वाल खातो ना मी. मग गोळी कशाला?"

"वाल खायाचाच. पण वाल जोडीदार हाय, मालक नाय. गोळीच्या जोडीला खायाचा, गोळीच्या जागी नाय."

त्या रात्री पोपटी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी रिक्षा त्यांना घेऊन वडखळमार्गे पेणच्या डॉक्टरांकडे गेली. जखम चिघळली, अंगठा राहतो की जातो, अशी वेळ आली. कितीतरी दिवस बायजाबाई गुणगुणली नाही. मी अंगणात होतो, मला सगळं ऐकू येत होतं, फक्त ओवी येत नव्हती.

अंगठा राहिला. गोळ्या सुरू झाल्या, पायात चप्पल आली, ताटात वाल राहिला. यंदा पुन्हा पोपटी लागली. पुंडलिक जाळापासून लांब, बाजेवर बसले होते. बायजाबाईनं माझ्यावर पाणी शिंपडलं, माझं 'चर्र' ऐकलं आणि हात पुसत त्यांच्याकडे गेली. चप्पल काढून दोन्ही तळवे तिनं उजेडाकडे धरले, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवला. रोज करते ती हे.

"काय बघतेस गो रोज रोज?" ते लाजून म्हणाले.

"मडकं बोलतंय, तुमचा पाय बोलत नाय. मग बघाया नको?"

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला साखर असेल तर त्यांना वालाचं बिरडं प्रेमानं वाढा, गोळीची आठवण करून द्या, आणि संध्याकाळी जरा त्यांचे पाय मांडीवर घ्या. एवढं एका जुन्या मडक्याचं ऐका. बाकी आता मला वेळ नाही. शेंगा शिजल्यात, आणि बायजाबाई पुन्हा गुणगुणायला लागली आहे.