ओल्या लाखेवरची काच

पाचव्यांदा बेल वाजवूनही आतून हूं की चूं आलं नाही. मीटरवालीने दाराच्या काचेला कपाळ टेकवून आत पाहिलं. एक म्हातारा जमिनीवर आडवा पडला होता. गाल फरशीला टेकलेला, डोळे उघडे, हालचाल नाही.

गॅस कंपनीत ती नवीनच होती. सहा महिन्यांच्या उमेदवारीतले आठ दिवस तेवढे उरले होते. तिने गळती शोधायच्या यंत्राचं टोक दाराखालच्या फटीशी धरलं. यंत्र क्षणभर गप्प राहिलं आणि मग त्याने जी बोंब ठोकली, ती थांबेचना.

बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, हा पहिला नियम. तो तिने पाळला. अग्निशमन दलाला कळवायचं, हा दुसरा. तोही फाटकाशी जाऊन पाळला. "वीस मिनिटं लागतील," पलीकडचा म्हणाला. ते येईपर्यंत ग्राहकाच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, हा तिसरा. वीस मिनिटं म्हणजे किती श्वास, याचा हिशेब तिच्या डोक्यात आपोआप सुरू झाला आणि तिसरा नियम तिथेच गळाला. ठिणगी उडू नये म्हणून तिने पान्याला ओढणी गुंडाळली, तोंड फिरवलं आणि काच फोडली.

"अगं बाई गं!" म्हातारा ताडकन उठून बसला. "हे काय चाललंय?"

मेलेला माणूस असा ओरडत नाही. तिच्या जिवात जीव आला आणि लगेच निघूनही गेला. कारण दारालगत, उजेडात ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर एक व्हायोलिन होतं आणि त्याच्या पाठीवर काचेचा चुरा चमकत होता.

म्हाताऱ्याने बाकावरचं श्रवणयंत्र कानात घातलं. तो व्हायोलिनं बनवणारा होता. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा थर नुकताच दिला होता. थर एकसारखा बसलाय का, हे वरून कळत नाही. डोळा लाकडाच्या पातळीला आणून तिरप्या उजेडात पाहावं लागतं, म्हणून स्वारी आडवी झाली होती. आणि ब्रश चालवताना त्याला जगाची कटकट नको असायची, म्हणून कान काढून ठेवलेले.

"तुमचं यंत्र स्पिरिटनेही वाजतं होय?" त्याने विचारलं.

"वाजतं," ती म्हणाली. "प्रशिक्षणात शिकवलं होतं, काका."

"मग वासावरून नाही कळलं?"

"सर्दी झालीय."

म्हातारा खो खो हसत सुटला. "म्हणजे बहिरा आत अन् बिननाकाची बाहेर! जोडी बरी जमली."

तिला हसू आलं नाही. अग्निशमन दलाला तिने येऊ नका म्हणून सांगितलं आणि मग साहेबांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

साहेब एरवी तोफेसारखे बोलायचे. आज आवाज खाली होता. "हे बघ पोरी, फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे, गॅसचा वास आला का? तिथे 'हो' लिही. वास आला असेल तर तू सद्हेतूने काच फोडलीस, भरपाई कंपनी देते, विषय संपला. 'नाही' लिहिलंस तर निष्काळजीपणा. मग काच तुझी, व्हायोलिन तुझं, अन् नोकरीचं मी काही सांगू शकत नाही."

म्हाताऱ्याने तेवढ्यात चिमटा तिच्या हातात दिला होता. "तुझे डोळे तरुण आहेत. लाख घट्ट व्हायच्या आत वेच."

ती गुडघ्यावर बसून एकेक कण टिपू लागली. प्रत्येक कण निघाला की ओल्या तांबूस थरात एक बारीक खळगा राहायचा.

"हे भरतं का, काका?"

"नाही भरत. दोन थर उतरवायचे, पुन्हा द्यायचे. आठ दिवस गेले म्हण." त्याने मोबाईलकडे बोट दाखवलं. "मीही सांगतो ना वास येत होता म्हणून. मला काय, म्हाताऱ्याला कशाचाही वास येतो."

तिने चिमटा खाली ठेवला. मोह झालाच नाही असं नाही. पण जे नाकाला कळलं नाही ते कागदावर कसं लिहायचं, हेच तिच्या डोक्यात शिरेना. तिने फॉर्म मांडीवर घेतला आणि लिहिलं : नाही. सर्दी होती. यंत्र स्पिरिटनेही वाजतं हे माहीत होतं. पाच मिनिटं बाहेर उभी होते. बेल वाजवली, पण काच ठोठावली नाही.

"लिहून टाकलंस?" म्हाताऱ्याने चष्मा चढवून वाचलं. "शाणीच आहेस! आण इकडे. ग्राहकाची तक्रार, इथे मी लिहायचं ना?"

तिने फॉर्म आणि पेन पुढे केलं. तो बराच वेळ लिहीत होता. मध्येच वर न बघता म्हणाला, "माझा थोरला भाऊ पलीकडच्या गल्लीत एकटा राहायचा. घरात पडला. खिडकीतून दिसत होता सगळ्यांना. कुलूप कोणी तोडायचं, उद्या कुणी जाब विचारला तर काय, यावर बाहेर तासभर चर्चा चालली होती. चांगली माणसं होती गं सगळी."

त्याने कागद तिच्यापुढे सरकवला. गिचमिड अक्षरात लिहिलं होतं : 'तक्रार आहे. जमिनीवर माणूस पडलेला दिसूनही ही मुलगी नियम पाळत पाच मिनिटं बाहेर उभी राहिली. पुढच्या वेळी तिला इतकं थांबायला लावू नये.'

तिने दोन्हींचा फोटो साहेबांना पाठवला. त्यांचा फोन यायला इतका वेळ लागला की व्हायोलिनच्या पाठीवरचा शेवटचा कणसुद्धा निघाला.

"तू तर स्वतःविरुद्धच साक्ष दिलीस," साहेब म्हणाले. "आणि त्या गृहस्थांनी तर माझ्याविरुद्धच दिली. वर पाठवतो. उमेदवारी वाढेल, तीन महिने तरी. काढणार नाहीत, एवढं मी बघतो." मग जरा घुटमळून, "पुन्हा असं कुणी पडलेलं दिसलं तर काय करशील?"

तिने मान वळवली. म्हाताऱ्याने पुन्हा कान काढून ठेवले होते आणि कापडाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तो खराब झालेला थर शांतपणे उतरवत होता.

"आधी काच ठोठावीन, साहेब."

"आणि नाहीच उठलं कुणी तर?"

"तर फोडीन," ती म्हणाली.