शेवटची चार पानं

वाचनालयात दर शनिवारी जमणाऱ्या मुलांना मंदाकिनीबाई एकच विचारायच्या, "पुस्तक कितव्या पानावर सोडलंस?"

दिग्विजयचं उत्तर ठरलेलं. "पहिल्याच."

बाई रागवायच्या नाहीत. दुसरं पुस्तक काढून द्यायच्या. कामावर नव्याने लागलेली सुरुची मात्र चरफडायची. हा तर पालथा घडा, बाई कशाला दमतात?

एका मंगळवारी, शनिवारची वाटही न बघता, दिग्विजय हडपसरहून धापा टाकत आला.

"बाई, शेवटची चार पानंच नाहीत यात! ही काय पद्धत झाली?"

"सुटी झाली होती ती," बाई म्हणाल्या. "सुरुची, ड्रॉवरमधलं पाकीट दे गं याला."

सुरुचीने पाकीट काढलं आणि मनोमन हातच जोडले. त्यावर बाईंच्या अक्षरात दिग्विजयचं नाव होतं, आणि खाली तारीख होती, पुस्तक दिलं त्याच दिवसाची.