दुसरं बूच

नीलम अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जुन्या चांदीच्या वस्तू दुरुस्त करते. एकदा उत्तराताई नावाच्या संग्राहक बाईंनी आपल्या प्रदर्शनासाठी तिच्याकडे कट ग्लासच्या दोन जुळ्या अत्तरदाण्या आणल्या. चांदीच्या गळ्यांवरचे पोचे नीलमने काढले, पण एकीचं काचेचं बूच हरवलं होतं.

"असं बूच आता कोण बनवणार?" उत्तराताई म्हणाल्या.

"माझे बाबा," नीलम म्हणाली.

शिवदास बहात्तर वर्षांचे. काचेला पैलू पाडण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. कारखाना बंद पडल्यावर मात्र त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"हात थरथरतात गं आता," ते म्हणाले. पण फिरत्या चाकाला काच टेकवली आणि हात स्थिर झाला. दोन बुचं फुटली, तिसरं जमलं.

उत्तराताईंनी दोन्ही अत्तरदाण्या उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिल्या. "यातलं नवं बूच कुठलं?"

शिवदासांनी हसत एका बुचावर बोट ठेवलं.

"प्रदर्शनात पाटीवर तुमचं नाव लावते. शिवदास ना?"

"शिवदास भागुजी गायसमुद्रे," ते ताठ बसत म्हणाले. "आणि चांदीचं काम माझ्या मुलीचं आहे. तिचं नाव आधी लिहा."