चूक पोटात घालणाऱ्या काठ्या

दुकानदार चंद्रप्रकाशने गोल्फच्या काठ्यांचे दोन संच गादीवर मांडले आणि रत्नप्रभाबाईंचं डोकं तिथंच फिरलं.

"मावशी, या पातळ पात्याच्या काठ्या मुरलेल्या खेळाडूंच्या. चेंडू नेमका मध्ये बसला तरच ऐकतात. आणि या रुंद तळाच्या, मागून पोकळ. चेंडू कडेला लागला तरी चूक पोटात घालतात. साधारण माणसाने याच घ्याव्यात."

"साधारण कोण?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "माझो झील?"

त्यांच्या मुलाने, जयवंतने, मान खाली घातली. दसऱ्यानंतरच्या रविवारी त्याला चेंबूरच्या मैदानावर कंपनीच्या साहेबांच्या जोडीला खेळायचं होतं, आणि अंधेरीची नवी शाखा कुणाला द्यायची ते साहेब त्या खेळानंतर ठरवणार, असं ऑफिसात सगळेच म्हणत होते. आजवर मागून आणलेल्या काठ्यांवर भागवलं. आता स्वतःच्या हव्यात. आणि घाटकोपरच्या त्या घरात विळीपासून कोयत्यापर्यंत एकही लोखंड रत्नप्रभाबाईंनी वाजवून पाहिल्याशिवाय आलेलं नव्हतं. म्हणून कुर्ल्याच्या या दुकानात त्याही आल्या होत्या.

"आये, त्या रुंदवाल्या मला बऱ्या वाटतात," जयवंत पुटपुटला.

"गप रे! साहेबांच्या हातात काय आहे?"

"पातळ."

"मग? त्यांच्या शेजारी ह्या पळ्या घेऊन उभा राहणार? चुका पोटात घालायला मी सुनेच्या घालते तेवढ्या पुरे. बांध रे त्या पातळ!"

"नाही जमल्या तर दिवाळीपर्यंत बदलून देईन," चंद्रप्रकाश म्हणाला.

"बदलायला ती साडी आहे?"

खंडेनवमीला पाटावर कोयता, विळी आणि नवऱ्याचा गिरणीतला पाना मांडला होता. शेजारी चकचकीत काठ्या. बाईंनी प्रत्येकीला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. आरतीचं ताम्हण त्यांनी जयवंतच्या हाती दिलं आणि ते खणकन खाली पडलं. त्याचा अंगठा टोमॅटोसारखा सुजला होता.

"काय झालं हाताला?"

जयवंतने हात पाठीमागे लपवला. शेवटी त्याची बायको सुलक्षणाच बोलली, "चेंडू मध्ये बसत नाही, आई. कडेला लागला की झिणझिण्या कोपरापर्यंत जातात. काल सरावाला सगळे फिदीफिदी हसले. साहेबसुद्धा."

"आणि हे मला आज सांगताय?"

"तुमच्यापुढे बोलायचं कुणी?"

बाईंनी डोळे वटारले आणि खाली पडलेलं ताम्हण स्वतःच उचललं.

"जाऊ दे आये," जयवंत म्हणाला. "आता पूजा झाली. पूजलेलं हत्यार आपण घराबाहेर देत नाही, तूच सांगतेस. रविवारी खेळेन ह्यांनीच."

नियम त्यांचाच होता. एकदा खंडेनवमीला शेजारीण नारळ फोडायला कोयता मागायला आली, तर बाईंनी तिला दारातूनच परतवून लावली होती. साऱ्या चाळीला ते ठाऊक होतं.

दसऱ्याला सोनं लुटून झाल्यावर त्यांनी काठ्यांची पिशवी खांद्याला मारली. "येऊ का, आये?" असं विचारणाऱ्या जयवंतला "हात शेकत बस" एवढंच सांगून त्या निघाल्या.

दुकानात शिरताच त्यांचा पट्टा सुरू झाला. "काय रे, एवढा जाणता दुकानदार तू! एका म्हातारीने डोळे वटारले नि गप्प बसलास? माल विकायला बसलास की मान डोलवायला? पोराचा अंगठा बघ जाऊन!"

"मावशी, मी सांगितलं होतं."

"हळू सांगितलंस! ओरडून सांगायचं! काढ त्या रुंदवाल्या."

त्यांनी रुंद काठी बोटाने वाजवली, तळावर अंगठा फिरवला आणि कनवटीची डबी काढून तिथंच कुंकू लावलं.

"आणि त्या पातळ काठ्यांवरचं कुंकू पुसशील तर बघ. पूजलेल्या आहेत म्हणून सांगून दे."

"गिऱ्हाईक विचारेल ना, पूजलेल्या काठ्या परत का आल्या?"

बाईंनी डबी परत कनवटीला खोचली.

"सांग, चूक पोटात न घालणारं एक माणूस त्या घरात आधीच आहे. बघतोस काय? बांध लवकर!"