काडीवरचं तेल

पूनमसिंग मिस्त्रीला इंजिन उघडावं लागत नाही, असं यवतमाळात बोललं जाई. आणि बोलणाऱ्यांत सगळ्यांत पुढे खुद्द पूनमसिंगच असे. सागाची काठी चालू इंजिनाला टेकवायची, दुसरं टोक कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले होते. बंजाऱ्यांच्या तांड्यातून इंजिनाच्या नादी लागलेला हा पहिलाच. ऐट तर असणारच की!

तीन वर्षांपूर्वी, एकोणसाठ साली, जिनिंगवाल्या सदाशिवरावांची दोन सीटची लाल स्पोर्ट गाडी वणीच्या रस्त्यावर खडखडत बंद पडली. महिन्याभराआधीच पूनमसिंगनं तिचं इंजिन उघडून रिंगा बदलल्या होत्या. ड्रायव्हर देवीलाल शपथेवर सांगत होता, की निघताना इंजिनातली तेल मोजायची काडी काढून तेल पाहिलं होतं, खुणेपर्यंत होतं. पूनमसिंगनं हँडल मारून दोन मिनिटं काठी लावली आणि न उघडताच सांगितलं, "तेलाबिगर बेअरिंग जळालं."

देवीलालनं काडी काढून नाकासमोर धरली. तेल होतं.

"बंद पडल्यावर ओतलं असंन तू," पूनमसिंग म्हणाला.

एवढ्या एका वाक्यावर देवीलालची नोकरी गेली. वर खोटारडा म्हणून नाव झालं ते वेगळंच. गाडीवर ताडपत्री पडली.

आता राजूरच्या एका कोळशाच्या ठेकेदाराला ती गाडी हवी होती. पण इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडून नेमका बिघाड कळवा, मगच सौदा, अशी त्याची अट होती. पूनमसिंगला ती जरा झोंबलीच. कुरकुरत तो गाडीखाली शिरला, बोल्ट सोडले आणि चेंबर छातीवर घेतलं.

तेल ओढणाऱ्या जाळीला काहीतरी गच्च बसलं होतं. ओढलं तर चिंधी. अंगठ्यानं काळं तेल पुसलं तसे लाल टाके दिसले, आणि टाक्यांत अडकलेला हरभऱ्याच्या डाळीएवढा आरसा.

बिजलीबाईचा जुना फेटिया! बायकोचा हा घागरा फाटला तेव्हा त्यानंच त्याच्या चिंध्या करून हात पुसायला गॅरेजात आणल्या होत्या. अख्ख्या यवतमाळात असल्या चिंधीनं हात पुसणारा मिस्त्री एकच होता.

तेल भरपूर होतं. जाळीचं तोंडच बुजलं होतं, आणि रिंगा बदलताना चिंधी आत विसरून ते बुजवणारा तो स्वतः होता. पूनमसिंगचे कान तापले. गाडीखालून बाहेरच येऊ नये, असं त्याला वाटलं.

"काय निंघालं रे?" खुर्चीवरून सदाशिवरावांनी विचारलं.

"गाळ हाय, मालक." चिंधी खिशात गेलीसुद्धा.

"मले वाटलंच. त्या देवीलालचीच करनी. आता त्याच ठेकेदाराच्या दारी ड्रायव्हरकी मांगून राह्यला. म्या चिठ्ठी धाडली, खोटारडा हाय म्हनून."

पूनमसिंग सरपटत बाहेर आला. खिसा तेलानं ओला होऊन मांडीला चिकटला होता. त्यानं चिंधी काढून सदाशिवरावांपुढे धरली आणि सगळं सांगून टाकलं.

"फेकून दे," सदाशिवराव हळूच म्हणाले. "गाळच सांगू. तुहं नाव राह्यते, मह्यंबी राह्यते. तीन वर्सं झाले. आता कायले उकरतं?"

किती सोपं होतं! आणि आपल्याला ते क्षणभर आवडलं, याची पूनमसिंगला चिंधीपेक्षा जास्त लाज वाटली.

संध्याकाळी देवीलाल आपल्या घराच्या अंगणात तागाचा दोर वळत बसला होता. पूनमसिंगनं चिंधी त्याच्यासमोर ठेवली. "जाळीत होती. माह्यी हाय. तू खोटा नवता, देवीलाल. उद्या राजूरले मी सोता येतो, ठेकेदाराले सांगतो."

देवीलाल शिव्या देईल, अंगावर येईल, अशी त्यानं तयारी ठेवली होती. देवीलालनं दोर खाली ठेवला.

"म्हंजे, काडीवर तेल होतं?"

"होतं."

"म्या पाह्यलं होतं?"

"पाह्यलं होतं तू."

"लोकं इचारत, मी हो म्हनो. मंग बायको इचारे. मंग..." देवीलालनं चिंधी उचलून हातात घेतली. "मंग मलेच वाटू लागलं का पाह्यलं नसन. गेल्या साली म्या तिले सांगून टाकलं का मीच चुकलो."



"धुरपता!" देवीलालनं घरात बायकोला हाक मारली. "बाहीर ये. हा काय सांगते ते आयक."

धुरपताबाई पदराला हात पुसत दारात आली. एका वाक्यात निकाल देणाऱ्या पूनमसिंगला ‘देवीलाल खोटा नवता’ हे वाक्य दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा आवाजच फुटला नाही.