पहिल्या बाजूवरचे गुणगुणणे

मी एक जुनी कॅसेट आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलेही नसेल, म्हणून आधीच सांगते. तळहाताएवढे माझे अंग, आत दोन चाके आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत. मला दोन बाजू आहेत. एक संपली की उलटून लावायचे. माझ्याबरोबर कारखान्यात तयार झालेल्या बहुतेक जणींवर तिथेच गाणी भरली गेली आणि त्या झकपक वेष्टनात दुकानाच्या काचेआड जाऊन बसल्या. मला मात्र कोरीच ठेवले. तेव्हा मला फार वाईट वाटले होते.

मला दोन बहिणींनी मिळून घेतले. थोरली ताई. धाकटी सतत काहीतरी कुरतडत बसायची, कधी पेन्सिल, कधी नखे, कधी बाहीचे टोक, म्हणून तिचे नाव पडले खारू. लग्न होऊन ताई दूरच्या शहरात निघाली, त्या आठवड्यात दोघींनी ठरवले, की पत्रांऐवजी मी जायचे. पत्र लिहायचा दोघींनाही भारी कंटाळा. पहिली बाजू ताईची, दुसरी खारूची. सध्या जे गाणे आवडते आहे ते भरायचे, सोबत चार शब्द बोलायचे आणि मला टपालात टाकायचे. पुढच्या खेपेला त्याच्यावरच नवे भरायचे.

"शिळं नको," ताईने बजावले. "सध्याचं काय ते सांग."

तेव्हापासून माझी ऐट काही विचारू नका. आज या गावात, उद्या त्या गावात. ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची आणि तिला रेडिओवरची संथ गाणी आवडायची. खारू चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तिला सगळा धांगडधिंगा लागे. "ताई, हे ऐकच! शेजारच्या घड्याळवाल्याने दिवसभर लावून डोकं उठवलं माझं, आणि आता मीच म्हणत फिरतेय!" गाण्यामागे नळ वाहायचा, दार आपटायचे, आई ओरडायची, "अगं, हळू कर तो आवाज!" तेही सगळे माझ्यावर उतरायचे. जुने पुसले जाताना थोडी चुटपुट लागायची, खोटे कशाला बोलू? पण नव्याची हौस दांडगी होती.

एका खेपेला ताईने गाणे भरलेच नाही.

"खारू, रेडिओ बंद पडलाय गं, आणि दुरुस्तीला न्यायला सवड नाही. सध्या कामात मीच काय ते गुणगुणते. चालेल ना तुला?" असे म्हणून तिने टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि घरच्या चादरींच्या घड्या घालत ती गुणगुणू लागली. शब्द नव्हते. मध्येच चादर झटकल्याचा आवाज, मध्येच "थांब हं, कोपरा सुटला," आणि पुन्हा तीच चाल.

ते ऐकून खारू ढसाढसा रडली. मग तिने फीत मागे नेऊन पुन्हा ऐकले, आणि पुन्हा. आणि मग तिच्या ध्यानात आले. मी परत गेले की ताई यावरच दुसरे काही भरणार आणि हे कायमचे जाणार! माझ्या पाठीच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे होते, प्रत्येक बाजूचा एक. तो मोडला की त्या बाजूवर नवे भरता येत नाही. कुठला तुकडा कुठल्या बाजूचा हे पाहायलाही खारू थांबली नाही. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने तिने दोन्ही कटकन मोडले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःचे गाणे भरायला बसली, तर बटण दबेना. आपण काय करून बसलो ते तेव्हा तिला कळले. मागचेच शिळे गाणे परत पाठवायचे कसे? आज सांगू, उद्या सांगू, असे करत महिना गेला. मग ताईचे पत्र आले, दोनच ओळींचे. "कॅसेट आली नाही. माझं गाणं आवडलं नाही का गं?"

खारूने घाबरून लिहिले, "कॅसेट टपालात हरवली."

"असू दे," ताईने कळवले. "टपालवाल्यांना ते ऐकावं लागलं नाही म्हणजे झालं."

खारूने नवी कॅसेटही आणली होती. पण तिच्यावर भरणार काय? तिच्या कानात सध्या एकच गाणे होते, आणि तेच तर तिने हरवले म्हणून सांगितले होते. मी खणात चष्म्याच्या फडक्यांखाली जाऊन पडले. रोज दुकानातून आली की खारू मला लावायची आणि पुन्हा दडवायची. कधी ताई दोन दिवस राहायला आली, तर खण उघडतही नसे. फडक्यांखालून मला दोघींचे बोलणे ऐकू येई. हवापाणी, तब्येत, भाजीचे भाव. सध्या काय ऐकतेस, हे कुणी कुणाला विचारीत नव्हते. मला तर ओरडून सांगावेसे वाटे, पण आमच्या जातीला दुसऱ्याने लावल्याशिवाय तोंड नाही.

अशी सहा वर्षे गेली. एका दुपारी ताई माहेरी आलेली होती, आणि आईच्या चष्म्याची काडी ढिली झाली. स्क्रूड्रायव्हर शोधताना ताईने खण उघडला.

खारू जिना चढून आली तेव्हा मी वाजत होते. ती दारातच थबकली.

"ही कोण गं?" ताईने विचारले. "माझा आवाज इतका घोगरा नव्हता."

"ऐकून ऐकून फीत सैल झालीय," खारू खाली मान घालून म्हणाली.

"हरवली होती ना?"

मग खारूने सगळे सांगितले. माझ्या पाठीवरच्या भोकांवरून ताईने बोट फिरवले.

"मला वाटलं, तुला हसू आलं असेल. त्यानंतर मी गुणगुणायचीच थांबले, खारू."

तिने चिकटपट्टीचा एक तुकडा कापला आणि पहिल्या बाजूच्या भोकावर लावला. बस, एवढेच करायचे असते! सहा वर्षांत खारूला ते कुणी सांगितले नव्हते आणि तिने कुणाला विचारलेही नव्हते.

"नको ना, ताई! पुसलं जाईल ते!"

"जाऊ दे. मी बसलेय ना समोर."

बटण दबले. माझी चाके फिरू लागली. पण ताईच्या गळ्यातून चाल येईना. ती विसरली होती. तेव्हा खारूनेच हलक्या आवाजात सुरुवात केली. तिला तर श्वास कुठे घ्यायचा तेही पाठ होते. चार ओळींनंतर ताईचा आवाज तिच्या आवाजात मिसळला.

मित्रांनो, ते जुने गुणगुणणे आता माझ्यावर नाही. फिरताना मी अजून ते शोधते. सापडत नाही, आणि त्याची फार आठवण येते. पण ते माझ्याजवळ असताना जिचे होते तिलाच त्याचा पत्ता नव्हता, ते दुःख याहून मोठे होते. तुम्ही आम्हा जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, आम्हाला उन्हात टाकू नका, एवढे तर करालच. पण कुणाचे गाणे आवडले, तर ते त्याला आजच सांगा. मी खणात सहा वर्षे पडून राहू शकते. माणसे तेवढ्या वेळात गायची थांबतात.