खडूच्या गोलातलं बटण

मी एक बटण बोलतोय. शर्टाचं नव्हे आणि भिंतीवरचंही नव्हे. मी मोबाइलच्या काचेआड राहतो. मला वजन नाही, जाडी नाही, मागची बाजू तर मुळीच नाही. तरी माणसं मला 'दाबलं' असंच म्हणतात. म्हणू देत.

माझा जन्म कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. मला घडवलं संघप्रिया कांबळेनं. ती मूळची गडहिंग्लजची. पुण्याच्या एका कंपनीत पाच वर्षं ती ॲपचं रूप ठरवायची, म्हणजे कुठं कुठला रंग, कुठली अक्षरं, बटण कसं दिसावं, हे सगळं. औषधांचं ॲप केलं, कर्जाचं केलं, लग्न जुळवायचं केलं. तिन्ही शेजारी ठेवली तर कुठलं कशाचं हे तिलाही ओळखू येईना. शेवटी कंटाळून तिनं नोकरी सोडली आणि घरी सांगितलं, "मी कोल्हापुरात राहून स्वतःचं काम करणार." घरच्यांनी "बघ बाई" एवढंच म्हटलं. आमच्याकडं एवढ्यात पुष्कळ सांगून होतं.

पहिलं काम मिळालं ते शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचं. तिथं लोखंड वितळवतात, वाळूच्या साच्यात ओततात आणि गाड्यांचे सुटे भाग काढतात. मालकांना सगळे आण्णा म्हणतात. आण्णांचा आवाज असा, की ते फोनवर बोलत असले तर पलीकडच्याला फोनची गरज नसावी. काही महिन्यांपूर्वी त्यांच्या फौंड्रीत वितळलेल्या लोखंडाचं भांडं कलंडलं होतं. त्या भांड्याला तिथं लॅडल म्हणतात. नशीब म्हणून कुणाला लागलं नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की साखळी पंधरा दिवस सटकत होती आणि चौघांना ते ठाऊक होतं. कुणीच बोललं नव्हतं.

"तोंडानं सांगत न्हाईत तर बोटानं सांगू द्यात," आण्णा म्हणाले. म्हणून ॲप, आणि ॲपमध्ये मी. कामगारानं काही धोक्याचं बघितलं की मला दाबायचं आणि दोन ओळी लिहायच्या.

आण्णांनी अट मात्र आधीच घातली. "एक महिना बघतो, पोरी. माझी माणसं ह्यात बोलली तर तुझं. न्हाईतर बंगळूरची कंपनी तयार ॲप देत्या, ते घेऊन मोकळा होतो." संघप्रियानं मान हलवली. पुण्याच्या जुन्या साहेबांनी तिची जागा महिनाभर रिकामी ठेवली होती, हे तिनं आण्णांना सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, कारण त्यांचा मेसेज माझ्या शेजारच्याच खिडकीत उघडा असायचा.

सुरुवातीला मी निळा होतो, कोपरे गुळगुळीत. आण्णांनी बँकेचं ॲप दाखवून "असलं कर" म्हटलेलं. संघप्रिया माझ्याकडं बघत बसली आणि म्हणाली, "तुझ्यासारखी कोट्यवधी आहेत." जन्मून दोन तास झाले नव्हते आणि हे ऐकावं लागलं. मला राग आला, पण बटणाला राग दाखवायची सोय नसते.

मग ती कोल्हापूरपण शोधायला लागली. एक आठवडा माझ्या कडेनं चपलेची वेणी होती. तीन दिवस मी गुळाच्या ढेपेसारखा दिसत होतो आणि त्या काळात मला बघून कुणालाही धोका आठवला नसता. शेवटी एका दुपारी ती तांबड्या रश्श्याची वाटी पुढं घेऊन बसली, वरच्या तर्रीचा रंग निरखला आणि तो माझ्यावर ओतला. मी भडक लाल झालो. आण्णांनी मोबाइल हातभर लांब धरून बघितलं. "आता कसं! लांबनं दिसतंय. नाद खुळा!"

फौंड्रीत आण्णांनी मोबाइलपुढं नारळ फोडला. काचेला कुंकू लावताना त्यांचं बोट माझ्यावर पडलं. माझ्या आयुष्यातली पहिली तक्रार त्यामुळं कोरी गेली. पेढे वाटले, सगळ्यांच्या मोबाइलात मला बसवलं आणि सगळे कामाला लागले.

त्यानंतर बारा दिवस मला कुणी हात लावला नाही. तक्रार नाही, चुकून दाबणंसुद्धा नाही. संघप्रिया दर तासाला आकडा बघायची आणि आकडा शून्यच असायचा. तिनं मला थोडा मोठा केला. मग आणखी मोठा केला. मोठं शून्य आलं.

तेराव्या दिवशी ती सकाळच्या पाळीला फौंड्रीत गेली. डोक्यावरचं हेल्मेट मोठं होत होतं, ते एका हातानं धरून ती एकेकाला विचारत फिरली, "ॲप कसं वाटलं?"

"चांगलं हाय की म्याडम."

"लई भारी."

"जगात भारी!"

इतकं कौतुक झालं की तिचा चेहराच पडला. चहाच्या सुट्टीत ती धोंडीराममामांजवळ जाऊन बसली. धोंडीराम लॅडल धरणारा, मलकापूरकडचा, तीस वर्षं ह्याच भट्टीपुढं काढलेला. तिनं सरळच विचारलं, "मामा, खरं सांगा. का नाही दाबत कुणी?"

धोंडीरामनं आधी चहा संपवला. मग मागच्या ढिगाकडं बोट केलं. काळ्या कास्टिंगचा, म्हणजे ओतून काढलेल्या भागांचा, ढीग होता आणि प्रत्येकावर लाल रंगाचा पट्टा ओढलेला होता.

"त्यो माल बघितलासा? लाल पट्टा मारला की रिजेक्ट. परत भट्टीत. आणि तुमी आमच्या हातात लालच बटण दिलंसा. पोरं म्हणत्यात, जो दाबंल त्याच्या नावावर लाल पट्टा."

"अहो, तसं काही नाही!"

"आमाला काय म्हाईत, ताई?"

"मग मला आधी कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलं व्हतं काय?"

संघप्रियानं ढिगाकडं पुन्हा बघितलं. आण्णा त्या ढिगावरून रोज दोनदा जायचे, पण त्यांनाही हे सुचलं नव्हतं. खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धोका सांगायला आलो होतो आणि बारा दिवस माणसं मलाच धोका समजत होती.

त्या दिवशी ती लगेच घरी गेली नाही. पाळी संपेपर्यंत बघत राहिली. तिथं सगळं काळं असतं, वाळू काळी, कास्टिंग काळं, हात काळे. आणि त्या काळ्यावर सगळीकडं पांढऱ्या खडूनं लिहिलेलं. साच्यावर नंबर खडूनं, भट्टीची वेळ खडूनं. एखाद्या कास्टिंगची शंका आली तर तिथं खडूनं गोल काढतात. तो माल वाईट ठरत नाही, फक्त कुणीतरी येऊन नीट बघायचं असतं. गोल काढणाऱ्याला कुणी काही बोलत नाही.

"मामा, मला एक गोल काढून द्याल?" तिनं विचारलं.

धोंडीरामनं एका कास्टिंगवर सात गोल काढले. एकही नीट गोल नव्हता. तिनं सातवा उचलला, त्याचा फोटो काढला आणि तो माझी कड झाला. माझी दोन टोकं जुळत नाहीत, ती त्यामुळं. माझ्या पोटात आधी 'धोका नोंदवा' असं लिहिलेलं होतं. ते पुसून तिनं धोंडीरामच्याच अक्षरात लिहिलं, 'हिकडं बघा'. बाकीचं सगळं काळं केलं. तिला पाच वर्षं हवं होतं ते वेगळं रूप एका दुपारी मिळालं, आणि त्यात तिचं स्वतःचं काहीच नव्हतं. ह्याचं तिला वाईट वाटलं नाही. उलट पहिल्यांदाच ती मला बघून हसली आणि मलाही बरं वाटलं.

आण्णांना मात्र मी अजिबात आवडलो नाही.

"ही काय शाळेची पाटी हाय व्हय? गिऱ्हाइकानं बघितलं तर काय म्हणंल?"

"गिऱ्हाईक दाबणार नाही, आण्णा. तुमची माणसं दाबणार आहेत."

"मला न्हाय पटलं. पण दिवस र्‍हायल्यात किती? कर काय करायचं ते."

नव्या रूपात मी सगळ्यांच्या मोबाइलात गेलो आणि तासाभरात पहिली खरी तक्रार आली. 'क्रेनच्या हुकाची पट्टी निसटाय लागल्या.' मग पंख्याची आली, तुटक्या पायरीची आली, आणि 'च्यात साखर न्हाय' ही तर चौघांकडून आली. मी दिवसभर दाबला जात होतो. कुणी काळ्या बोटानं, कुणी हातमोजा न काढताच, आणि मग चिडून मोजा काढून.

एक बोट मात्र वेगळं होतं. चहाच्या सुट्टीत ते माझ्यावर यायचं, काचेपासून केसभर वर थांबायचं आणि परत जायचं. पहिल्या दिवशी गेलं. दुसऱ्या दिवशी गेलं. तिसऱ्या दिवशी इतका वेळ थांबलं की मीच म्हणालो, दाब की रे बाबा! पण बटणाचं ऐकतो कोण? ते बोट धोंडीरामचं होतं. चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला त्यानं मला दाबलं.

त्याच दिवशी महिना संपत होता. अकरा वाजता आण्णांनी संघप्रियाला ऑफिसात बोलावलं. "हुकाचं काम झालं, ते मानतो. पण बाकी सगळा चा आणि पंखा! बंगळूरवाल्यांच्यात तक्ते येत्यात, आकडे येत्यात. तुझं काम वाईट न्हाय, पोरी, पण..." बोलता बोलता ते त्या दिवसाची अजून न वाचलेली यादी वर सरकवत होते. सरकवता सरकवता थांबले.

त्यांना वाचताना ओठ हलवायची सवय आहे. त्यांनी वाचलं ते असं: 'मी धोंडीराम. दिवाळीपासनं भट्टीकडं बघितलं की लॅडल दोन दिसत्यात. काल साच्याच्या बाजूला वतलं. बाजूला पोरं हुबी असत्यात. मला वतायला ठिऊ नका.'

आण्णा उठले आणि तडक भट्टीकडं गेले. संघप्रिया मागोमाग धावली, मी तिच्या हातात.

"धोंडीराम! दिवाळीपासनं? आणि मला आज सांगतोयस?"

"आदी सांगितलं असतं तर लाल पट्टा मारला असतासा की, आण्णा."

धोंडीराम खरं बोलत होता, हे आण्णांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः पुढं होऊन त्याच्या हातातली लॅडलची दांडी घेतली आणि दुसऱ्याकडं दिली. मग वळून संघप्रियाला म्हणाले, "त्या बंगळूरवाल्यांना नको म्हणून मी कळिवतो. आणि ह्याला आता हात लावू नगंस." 'ह्याला' म्हणजे मला.

धोंडीरामच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात आहे. आता तो लॅडलजवळ नसतो. तपासणीच्या टेबलाशी बसतो आणि पोरांवर ओरडतो. संघप्रियानं पुण्याला नाही म्हणून कळवलं. सध्या ती गडहिंग्लजच्या एका दूध संस्थेचं ॲप करतेय. महिना झाला तरी रंग ठरलेला नाही. ती रोज पहाटे संकलन केंद्रावर जाऊन नुसती उभी राहते, आणि संस्थेचे सचिव तिला वैतागलेत.

मी आहे तिथंच आहे. साखरेची तक्रार अजून येते. पण जाता जाता एक विनंती आहे, माझ्यासारखी बटणं घडवणाऱ्यांना आणि ती विकत घेणाऱ्यांना. आम्हाला किती जणांनी दाबलं, एवढंच तुमच्या यादीत येतं. धोंडीरामचं बोट तीन दिवस येऊन परत गेलं, त्याची नोंद कुठंच नाही. त्या तीन दिवसांत त्यानं रोज लॅडल उचलली आणि बाजूला पोरं उभी होती. हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं.